पोळी बैलालाच का बाधली?

वाचकाचं पत्र :

नमस्कार डॉक्टर,

आमच्याकडं एक बैलजोडी आणि दोन गायी आहेत. गेल्या पोळ्याला मिरवणूक झाल्यावर बैल नेहमीसारखे दारोदार ओवाळायला नेले. प्रत्येक दारात पुरणपोळीचा घास. घरी आल्यावर आमचा नैवेद्य झाला, आणि उरलेली कणीक, पुरण, भात असं सगळं सासूबाईंनी घमेल्यात कालवून दावणीला ठेवलं. दोन्ही बैलांनी खाल्लं, धाकट्यानं जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यानं वैरणीला तोंड लावलं नाही. रवंथ बंद. दुपारी पातळ, आंबूस वासाचं शेण टाकायला लागला. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून ताक पाजलं, मग गोडंतेल पाजलं. दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. संध्याकाळी बैल बसला तो उठेना. रात्री डॉक्टर आले, सलाईन लावली, सोडा पाजला. दोन दिवसांनी त्यांनी आमच्याच गायीच्या पोटातून नळीनं पाणी काढलं आणि ते बैलाला पाजलं. बैल वाचला, पण पुढं दोन महिने लंगडत होता.

डॉक्टर म्हणाले, ॲसिडोसिस, म्हणजे पोटात आम्ल फार झालं. सासूबाईंना ते पटलेलं नाही. त्या म्हणतात, तीच पोळी आपण खाल्ली, आपल्याला काही झालं नाही. थोरल्या बैलालाही काही झालं नाही. काठीसारखा कडबा पचवणारं जनावर मऊ पोळीनं आजारी कसं पडेल? मला उत्तर देता आलं नाही. यंदाचा पोळा जवळ आलाय आणि घरात आत्तापासूनच वाद सुरू आहे. मी काय सांगू?

ता. क. माझ्या मुलाकडं ससा आहे. तो स्वतःचीच लेंडी खातो. तो आजारी आहे का, हे विचारायला मुलानं बजावलंय.

– एक वाचक, नाशिक जिल्हा

*

ताई, नमस्कार.

आधी एक विनंती. सासूबाईंना ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ असं म्हणू नका. काठीसारखा कडबा पचवणाऱ्याला मऊ पोळी का पचू नये, हा त्यांचा प्रश्न अगदी बिनतोड आहे. पशुवैद्यक महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना तो विचारला तर बरीचशी डोकं खाजवतील. उत्तर असं आहे की बैल कडबा पचवतच नाही.

कडब्यात जो चोथा असतो तो मुख्यतः सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. गव्हातला स्टार्चसुद्धा ग्लुकोजचीच साखळी. फरक फक्त दोन कड्या एकमेकींना कशा जोडल्यात त्याचा. स्टार्चचा जोड तोडणारं पाचकद्रव्य आपल्या लाळेत आहे, स्वादुपिंडात आहे. सेल्युलोजचा जोड तोडणारं पाचकद्रव्य तुमच्या-माझ्या शरीरात तयार होत नाही, आणि बैलाच्याही होत नाही. हत्ती, घोडा, शेळी, म्हैस, कुणाच्याच नाही. गवतावर जगणाऱ्या या सगळ्या जनावरांनी ते काम बाहेरच्यांना दिलेलं आहे.

ते बाहेरचे म्हणजे पोटातले सूक्ष्मजीव. बैलाच्या पोटाचे चार कप्पे असतात हे शाळेत आपण सगळे पाठ करतो आणि विसरतो. त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे कोटीपोट. पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू त्यानं व्यापलेली असते. मोठ्या जनावरात त्यात शंभर-दीडशे लिटर माल मावतो. त्यात आपल्या जठरासारखं आम्ल पाझरत नाही, जनावराचं स्वतःचं एकही पाचकद्रव्य सुटत नाही. तिथं असतं कोमट पाणी, ३९ अंशांच्या आसपास, हवेतला प्राणवायू जवळजवळ नाही, आणि जिवाणूंची गर्दी. कोटीपोटातल्या एका मिलिलीटर पाण्यात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय त्यांच्याहून पुष्कळ मोठे एकपेशीय प्राणी लाखांनी, आणि काही बुरशा. कडबा खातात ते हे. त्यांनी खाऊन टाकून दिलेली आम्लं (व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसेटिक आम्ल त्यातलंच) कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात. बैलाला नांगर ओढायची, गायीला दूध द्यायची जी ताकद मिळते, त्यातली सुमारे सत्तर टक्के या आम्लांतून येते. सोबत जो वायू तयार होतो, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन, तो जनावर ढेकरांतून सोडून देतं. मोठ्या दुभत्या गायीच्या ढेकरांतून दिवसाला अडीचशे ते पाचशे लिटर मिथेन बाहेर पडतो.

पुढची गंमत अशी की हे सूक्ष्मजीव स्वतःही कोटीपोटातून वाहत पुढं जातात आणि चौथ्या कप्प्यात पोचतात. तो कप्पा आपल्या जठरासारखा, आम्लाचा. तिथं त्यांचं पचन होतं. जनावराला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा असा या मेलेल्या जिवाणूंतून मिळतो. गाय निव्वळ शाकाहारी आहे असं ज्यांना ठामपणे म्हणायचं असेल त्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.

आता सासूबाईंना समजेल अशा भाषेत सांगायचं तर सगळा खुलासा पंगतीच्या क्रमात आहे. बैलाच्या पोटात पहिली पंगत जिवाणूंची. बैल दुसऱ्या पंगतीला बसतो, जिवाणूंनी मागं ठेवलेल्यावर जगतो. माणसाच्या पोटात उलटं, पहिल्या पंगतीला आपण आणि जिवाणू अगदी शेवटी, मोठ्या आतड्यात, उरलंसुरलं खायला. पुरणपोळी एकच असली तरी ती आधी कुणाच्या पानात पडते यावर पुढचं सगळं ठरतं.

तुम्ही पोळी खाल्लीत तेव्हा काय झालं? दातांनी बारीक झाली, लाळेनं गव्हातला स्टार्च फोडायला सुरुवात केली. जठरात आम्ल इतकं तीव्र की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जिवाणू तिथंच मेले. जठर सगळा माल एकदम पुढं सोडत नाही, दाराशी थांबवून थोडा थोडा सोडतं, आणि पोळीवर तुपाची धार जास्त असेल तर आणखी सावकाश. पुढं लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो. तो खाऱ्या सोड्यासारखा आम्लविरोधी, म्हणून जठरातून आलेलं आम्ल तिथं शमतं. पित्त येतं, तुपाचे थेंब फोडतं. माणसाचं लहान आतडं सहा मीटरच्या आसपास लांब असतं. त्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, आणि गुळातली साखर, गव्हातून निघालेलं ग्लुकोज तिथून थेट रक्तात जातं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना त्यातलं फारसं काही दिसतसुद्धा नाही.

हरभऱ्याच्या डाळीचं मात्र सगळं पचत नाही. तिच्यात काही अशा साखरा असतात की ज्या फोडणारं पाचकद्रव्य माणसाकडं नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि मग शेवटच्या पंगतीची चैन होते. पोळ्याच्या रात्री घरात जे फुसफुस वाजत असतं ते यामुळं. या साखरा पाण्यात उतरतात, म्हणून डाळ शिजवून वरचं पाणी टाकलं तर त्रास कमी होतो. पण आपण ते पाणी टाकतो कुठं? त्याची कटाची आमटी करतो आणि पोळीबरोबर वाटीनं पितो. असो. सांगायचा मुद्दा, बैलाच्या कोटीपोटात जे आंबणं चालतं ते आपल्याही पोटात चालतं, पण टोकाला, थोडक्यात, आणि बहुतेक अन्न आपण आधीच काढून घेतल्यावर.

आता तुमच्या धाकट्या बैलाकडं वळू. त्याच्या कोटीपोटात रोजची जी वस्ती होती ती कडबा खाणाऱ्यांची, सावकाश काम करणाऱ्यांची. तिथं अचानक गूळ, शिजलेली कणीक, भात यांचा ढीग येऊन पडला. साखर आणि स्टार्चवर वाढणारे जिवाणूही तिथं असतातच, एरवी थोडे. त्यातली एक जात भरपूर साखर मिळाली तर अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होते. तासाभरात चौपट, पुढचा हिशोब तुम्हीच करा. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल सोडतात, आणि ते कोटीपोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा साधारण दहापट तीव्र असतं. रात्रीत सगळं पाणी आंबट होतं. चोथा खाणारे जिवाणू आम्लात काम थांबवतात, मोठे एकपेशीय जीव मरतात. मग त्याहून आंबटात तगणारे जिवाणू येतात आणि आणखी आम्ल सोडतात. कोटीपोट हलायचं थांबतं. सकाळी बैलानं वैरणीला तोंड लावलं नाही ते तेव्हाच. पोटातलं पाणी इतकं दाट झालेलं असतं की ते रक्तातलं पाणी आत ओढून घेतं. म्हणून शेण पातळ, डोळे खोल, अंगात त्राण नाही आणि बैल बसला. आंबूस वास हा त्या आम्लाचा.

लंगडण्याचंही कारण तेच. आम्ल आणि कोटीपोटात तयार झालेली विषारी द्रव्यं रक्तात गेली की खुराच्या आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना इजा होते, खुराच्या आत सूज येते. पोट दोन-चार दिवसांत सावरतं, खूर सावरायला महिने लागतात. पुष्कळ लोकांना वाटतं की बैल बसून राहिला म्हणून पाय आखडले. तसं नाही.

‘मऊ पोळी’ हा सासूबाईंचा शब्द मला फार आवडला, कारण खरी अडचण त्या मऊपणातच आहे. कडबा कडक असतो म्हणून बैलाला तो पुन्हा तोंडात आणून चघळावा लागतो. एकेक घास पन्नास-साठ वेळा. दिवसातले सहा ते आठ तास जनावर रवंथ करत असतं, आणि त्या चघळण्यातून लाळ सुटते. किती? मोठ्या गायीत दिवसाला शंभर लिटरच्या वर. माणसाची दिवसाची लाळ लिटर-दीड लिटर. ही लाळ साधी नसते, तिच्यात खाण्याच्या सोड्यातला क्षार भरपूर असतो. कोटीपोटात दिवसभर जे आम्ल तयार होतं ते ही लाळ शमवत राहते. म्हणजे कडबा स्वतःबरोबर स्वतःचं औषधही तयार करून घेतो. मऊ पोळीला चघळायचं काही नाही. ती गिळली की संपलं. रवंथ नाही, लाळ नाही, सोडा नाही, आणि आम्ल मात्र दसपट. डॉक्टरांनी रात्री येऊन जो सोडा पाजला तो त्या न आलेल्या लाळेच्या जागी.

थोरल्याला काही का झालं नाही? एक तर त्यानं कमी खाल्लं, तुम्हीच लिहिलंय. शिवाय त्याला कामाच्या दिवसांत भरडा किंवा पेंड मिळत असेल, आणि धाकटा नुसत्या वैरणीवर असेल, तर तेवढ्यानंही फरक पडतो. दाणा रोज थोडा थोडा वाढवत नेला तर दोन-तीन आठवड्यांत कोटीपोटात लॅक्टिक आम्ल खाऊन टाकणारे जिवाणूही वाढतात. मग तेच जनावर बऱ्यापैकी दाणा पचवतं. तुमच्या गायी रोज अंबोण, म्हणजे भिजवलेला दाणा-पेंड, खातातच की. वाईट काय असतं, तर सवय नसताना एकदम. पूर्वीच्या बैलांनाही पोळी दिली जायची, हे खरं. पण एका घासानं काही होत नाही. गडबड अशी होते की प्रत्येक घर आपला एकच घास मोजतं आणि बैलाच्या पोटात सगळ्या गल्लीची बेरीज होते. त्यात शेवटी घमेलं.

पाजलेल्या औषधांबद्दल. मीठ-मोहऱ्यांनी अपाय नाही, पण त्यात गेलेले तास महागात पडतात. ताकाची गोष्ट वेगळी. जड जेवणावर माणसानं ताक प्यावं, उत्तम. पण ताकाचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचाच, आणि बैलाच्या पोटात नेमकं तेच आम्ल जास्त झालेलं होतं. तेल वेगळ्या दुखण्याला चालतं. ओला घास किंवा कोवळा लसूणघास भरपूर खाऊन पोटात फेस झाला, डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) ढोलासारखी टणक झाली, तर तेलानं फेस मोडतो. आम्ल झालं असताना तेलानं काही साधत नाही. आणि कुठलंही औषध पाजताना जनावराचं तोंड वर करून ओतलं की त्यातलं थोडं श्वासनळीत जाण्याची भीती असते. आजारी, बसलेल्या जनावराला तर जास्तच. फुप्फुसात तेल गेलेलं जनावर वाचवणं फार अवघड होऊन बसतं. म्हणून घरगुती बाटली उचलण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा.

गायीच्या पोटातलं पाणी बैलाला पाजलं, ते सासूबाईंना किळसवाणं वाटलं असणार. पण त्या दिवसांतला तो सगळ्यात शहाणपणाचा उपाय होता. आम्लात बैलाची वस्ती उजाड झाली होती. सोड्यानं आम्ल गेलं, पण कडबा खाणारं कुणी उरलं नाही. निरोगी गायीच्या कोटीपोटातलं पाणी म्हणजे चालू वस्तीचं बियाणं. ते टाकलं की बैलाला पुन्हा भूक लागते, रवंथ सुरू होतं. फार्मसीत तयार पुड्या मिळतात, पण ताज्या पाण्याची सर त्यांना नाही असं माझं मत आहे.

यावर सासूबाई विचारतील, हे सगळं कुणी पोटात डोकावून पाहिलंय का? पाहिलंय. माणसाच्या बाबतीत १८२२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, मॅकिनॅक नावाच्या बेटावर. अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या, फरच्या व्यापारात राबणाऱ्या तरुणाला जवळून गोळी लागली. लष्कराचे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरताना पोटाला बाहेरून जठरात जाणारं भोक कायमचं राहिलं. बोमाँट यांनी मांस, भाकरी, कोबी असे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून आत सोडले आणि तासातासानं बाहेर ओढून पाहिले. जठरातला रस बाटलीत काढून, कोमट ठेवून, त्यात मांस विरघळतं हेही पाहिलं. १८३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पचन म्हणजे नुसतं दळणं नव्हे, रसायनाचं काम आहे, हे पक्कं झालं. सेंट मार्टिन मात्र त्या डॉक्टरच्या घरी नोकरासारखा राबला, कंटाळून निघूनही गेला, आणि १८८० पर्यंत जगला. वैद्यकाच्या पुस्तकांत बोमाँट यांचं कौतुक असतं. त्या गड्याचं कुणी फारसं बोलत नाही.

गायीच्या बाबतीत हेच काम आजही चालतं, जास्त व्यवस्थित. पशुआहारावर संशोधन करणाऱ्या संस्थांत काही जनावरांच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेनं रबराचं झाकण बसवलेलं असतं. झाकण काढून हात कोपरापर्यंत आत जातो. आत गरम, ओलं, वर तरंगणारा चाऱ्याचा जाड थर आणि खाली पाणी. नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत वजन करून कडबा भरतात, पिशवी आत सोडतात, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांनी काढून धुतात, वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. किती कडबा गेला ते कळतं. गाय तेवढा वेळ शांतपणे रवंथ करत असते.

तुम्हाला झाकणाची गरज नाही. जनावर उभं असताना डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागं, कंबरेच्या हाडाखाली जो खळगा असतो, ती भकाळी. तिथं मूठ घट्ट दाबून धरा आणि दोन मिनिटं थांबा. निरोगी जनावराचं कोटीपोट तेवढ्यात दोन-तीन वेळा आतून तुमची मूठ बाहेर ढकलतं, लाट आल्यासारखं. आतला माल कणकेसारखा लागतो, दाबलं की खळगा पडतो आणि हळूहळू भरतो. आज, बैल धडधाकट असताना, रोज एकदा करून पाहा. हाताला सवय झाली की बिघाड झालेल्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळेल. लाट येत नाही, आत पाणी खळखळतं, शेण आंबूस आहे आणि काल सण होता, एवढं जुळलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

गोठ्यातली सगळीच पोटं बैलासारखी नसतात, हेही घरात सांगून ठेवा. वासरू जन्मतः रवंथ करत नाही. त्याचं कोटीपोट एवढंसं असतं, आणि दूध पिताना अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ तयार होते, तिच्यातून दूध कोटीपोटाला बगल देऊन थेट चौथ्या कप्प्यात जातं. त्या वयात त्याचं पोट आपल्यासारखंच. (पहिल्या दिवशीचा चीक मात्र आधी त्याला पोटभर, मग खरवस. आईकडून येणारी रोगप्रतिकारक प्रथिनं त्याचं आतडं पहिल्या चोवीस तासांतच शोषू शकतं.) घोडा गवत खातो, पण त्याच्या जिवाणूंची वस्ती मागं, मोठ्या आतड्यात. त्याला रवंथ नाही आणि उलटीही होत नाही, त्यामुळं पोटदुखीनं घोडा पटकन दगावतो. कोंबडीला दात नाहीत. ती खडे गिळते आणि चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो त्या पेट्यात दाणे त्या खड्यांवर दळते. कुत्रा माणसाच्या सोबतीनं राहून पोळी-भात पचवायला शिकलाय. स्टार्च फोडणाऱ्या पाचकद्रव्याच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, बहुतेक कुत्र्यांत त्याहून पुष्कळ जास्त. तेव्हा उरलेल्या पोळ्यांचा तुकडा कुत्र्याला चालेल, बैलाला नाही. उलटं वाटतं, पण तसं आहे.

आणखी एक, उरलेल्या अन्नावरून आठवलं. लग्न किंवा सत्यनारायण झाला की अन्न पिशवीत भरून, पिशवीसकट गायीपुढं टाकायची जी रीत पडलीय ती पोळीहून वाईट. गाय ओठांनी निवडून खात नाही, जिभेनं ओढते आणि न चावता गिळते. पिशवी कोटीपोटात वर्षानुवर्षं राहते. केळीच्या खांबाला गुंडाळलेली तार, खिळा, पिन दुसऱ्या कप्प्यात, जाळीपोटात, अडकते. जाळीपोट आणि हृदय यांच्यात जेमतेम एक पडदा. पोट आकसलं की तार पुढं सरकते आणि थेट हृदयाच्या आवरणात घुसते. यावर उपाय म्हणून जनावराला गुळगुळीत लोहचुंबक गिळायला देतात, तो जाळीपोटात बसून लोखंड धरून ठेवतो. पण चुंबक प्लास्टिक धरत नाही.

आता यंदाचा पोळा. पोळी बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हणून पाहा, घरात कुणी ऐकणार नाही आणि तुमचीच शोभा होईल. वर्षभर राबलेल्या बैलाच्या तोंडाला गोड लावायचं, यात काही चुकीचं नाही. असं करा : सकाळी बैलांना नेहमीचा कडबा पोटभर खाऊ द्या, रिकाम्या पोटी मिरवणुकीला नेऊ नका. बैल दारोदार नेताना सोबत घरातलं एक माणूस टोपली घेऊन जाऊ द्या. प्रत्येक दारात बैलाला ओवाळू द्या, पोळीचा चिमूटभर तुकडा तोंडाला लावा, बाकीची पोळी टोपलीत. टोपलीतल्या पोळ्या माणसांनी खायच्या. तुमच्या घरचा नैवेद्य म्हणून बैलामागं एक पोळी, तळहाताएवढी, तीही कडब्यानंतर. कणीक, पुरण, भात यांचं घमेलं यंदा नाही. रात्री पुन्हा कडबा. कुणी विचारलं तर सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय. सुनेच्या शब्दापेक्षा डॉक्टरच्या नावाला वजन असतं, आणि भांडण माझ्यावर आलं तर मला चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बैलांच्या भकाळीत मूठ दाबून पाहा. वैरण खात नसेल, रवंथ नसेल, तर आधी दाणा आणि गोड सगळं बंद करा, सुका कडबा पुढं ठेवा आणि लगेच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. पाणी किती द्यायचं तेही त्यांनाच विचारा. ते भेटले नाहीत तर पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. बैल बसल्यावर बोलावण्यापेक्षा उभा असताना बोलावलेलं बरं. उभ्या बैलाला सोड्यानं भागतं, बसलेल्याला सलाईन लागते.

– तुमचा डॉक्टर

ता. क. चिरंजीवांना : ससा आजारी नाही. सशाच्याही पोटात गवत खाणारे जिवाणू असतात, पण घोड्यासारखे मागं, आंधळ्या आतड्यात. तिथं जिवाणूंनी केलेलं खाणं शोषायला पुढं पुरेसं आतडंच उरत नाही. मग ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कडक, कोरडी, जी तू पिंजऱ्यात झाडतोस. दुसरी मऊ, चमकदार, द्राक्षाच्या घोसासारखी चिकटलेली, जी तो बाहेर पडायच्या आतच तोंडानं उचलतो आणि न चावता गिळतो. तिच्यात जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. त्याला अडवू नकोस. तशा मऊ लेंड्या पिंजऱ्यात पडून राहिलेल्या दिसायला लागल्या, तर मात्र काहीतरी बिनसलंय. बहुतेक वेळा गवत कमी आणि गाजर-बिस्किटं जास्त होतात तेव्हा असं होतं. बिस्किटं कोण घालतं, ते मी विचारत नाही.